बाबांच्या झोपेतले आकडे

प्रिय निकोला,

रविवारी तू फोन आपटलास तेव्हापासून मी भांडी घासताना, मटार सोलताना, प्रार्थनेला बसले तरीसुद्धा, मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, आणि आता कागद पुढे घेतला तर एकही आठवत नाही. फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. घंटा वाजली की तुझे बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि तुझ्याकडे आमची सूनबाई मार्झिया फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवते. म्हणून आज बाबांना न्हाव्याकडे पाठवलंय. तो मेला एकदा बोलायला लागला की गिऱ्हाईकाचे कापलेले केस परत वाढतात, तेव्हा मला वेळ आहे.

तितीना आत्यानं तुला सांगितलं की फिलोमेनानं, म्हणजे मी, तिच्या भावाला त्याच्या खोलीतून हाकललं. खरं आहे. तुझ्या जुन्या खोलीत जमिनीवर गादी टाकलीय आणि ते तिथे झोपतात, हेही खरं आहे. म्हातारपणी नवऱ्याला असं टाकणारी बाई अख्ख्या तोर्रे गावात सापडायची नाही, असंही ती म्हणाली ना? म्हणू दे. नणंद ती नणंदच. पण तूही तिचं ऐकून मला विचारलंस की आई, तुला लाज कशी वाटली नाही, ते मला लागलं. त्याचं उत्तर मी देणार आहे. आणि त्याच रविवारी, तू फोनवर येण्याआधी, मार्झियानं तुझ्या झोपेविषयी हसत हसत जे सांगितलं ते माझ्या घशात अडकून बसलंय, त्याच्यापाशीही मला यायचंय. सरळ येता येत नाही. माझं डोकं म्हणजे सध्या गुंतलेल्या लोकरीचा गोळा झालाय, एक टोक ओढावं तर दुसरीकडे गाठ बसते. तू धीरानं वाच.

तू पहिल्यांदा जहाजावर गेलास त्या उन्हाळ्याची गोष्ट. उकाडा असा की साऱ्या गल्लीच्या खिडक्या सताड उघड्या. बाबा झोपेत ओरडायला लागले. पुटपुटणं नव्हे रे, चांगलं बाजारात मासे विकल्यासारखं ओरडणं. तुझे बाबा, जे जेवताना मीठ मागायलासुद्धा लाजतात! तुझे आजोबा जाऊन तेव्हा कित्येक वर्षं झाली होती, आणि हे त्यांना हाका मारत होते, दोर सोडू नका, दोर सोडू नका म्हणून. सकाळी उठून त्यांनी मला सगळं स्वप्न सांगितलं. होडी होती, लाट आली, आजोबा काहीतरी बोलत होते. मी म्हटलं, लेक समुद्रावर गेलाय, बापाच्या जिवाला घोर लागलाय, दुसरं काय. आणि खालच्या मजल्यावरच्या दोन्ना राकेलेनं ते सगळं खिडकीतून ऐकलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते चेष्टा म्हणूनच ऐकलंस. स्वप्नातल्या प्रत्येक गोष्टीचा एक आकडा असतो, मेलेला माणूस बोलला म्हणजे अठ्ठेचाळीस, भीती वाटली म्हणजे नव्वद, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. राकेलेनं लॉटरीला ते दोन आकडे लावले आणि शनिवारी ते दोन्ही आले. झालं! त्या दिवसापासून गल्लीत तुझ्या बाबांना जो मान मिळाला तो पाद्रीबुवांनाही मिळाला नसेल. रोज सकाळी मी खिडकीतून टोपली खाली सोडली की पाव वर यायच्या आधी प्रश्न वर यायचा, काल काय म्हणाला आनिएल्लो? कुत्रा मागे लागला म्हणाला का? कुणी पडलं का? रक्त होतं का? आणि टोपलीतून वर काय काय यायचं विचारू नकोस. तळलेल्या मिरच्या, वांग्याचे थर, डुकराच्या चरबीतले कुरकुरीत तुकडे. का, तर जड जेवलं की स्वप्नं जास्त पडतात. मीही हौसेनं वाढत होते. ते ढेकर देत म्हणायचे, जन्मभर शिंपल्यावर राण्यांचे चेहरे कोरून जे नाव झालं नाही ते नुसतं झोपून झालं. आम्ही हसायचो. परत काही ते आकडे आले नाहीत, पण आपल्या लोकांची आशा कधी मरते का? सगळी गल्ली त्यांचं ओरडणं कान देऊन ऐकत होती, आणि माणूस इतका का ओरडतो, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

मग ओरडण्याच्या जोडीला हातपाय आले. आधी पांघरूण लाथाडणं, मग भिंतीवर ठोसे. एकदा पलंगावरून थेट खाली उडी. डोळे मिटलेले आणि हात असे चाललेले की जत्रेतला कुस्तीगीर. हलवून जागं केलं की लगेच शुद्धीवर यायचे आणि घाबरून मलाच विचारायचे, काय झालं? एका पहाटे त्यांनी माझे केस मुठीत धरले आणि दुसऱ्या हातानं तोंडावर असा फटका मारला की ओठ फुटला. निकोला, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. दिवा लावून माझं तोंड पाहिलं आणि ते रडले. म्हणाले, कुणीतरी तुला पाण्यात ओढून नेत होतं, मी तुला केसांनी धरून वर काढत होतो, आणि त्या दुसऱ्याला मारत होतो. मला वाचवताना मलाच मारलं. आता यावर चिडायचं कुणावर, सांग.

मी बाजारात गेले तर बायका गप्प झाल्या. पावाच्या दुकानात एकीनं माझा हात दाबला. झोपेत लागलं म्हणून मी सांगितलं, तर म्हणे हो हो, आम्हालाही झोपेतच लागायचं. मग मी सांगणंच सोडलं. ओठ सुजला की गॅलरीच्या दारावर आदळले, खांदा निखळला तेव्हा जिन्यात घसरले. तुला तर काहीच बोलले नाही, तू दोन खंडांपलीकडे, ऐकून करणार काय होतास? तितीना आत्याला मात्र उलटं वाटायचं, की हिनंच तिच्या भावाला काहीतरी बोलून बोलून वेडं केलंय. दोन्हीकडून माझंच मरण.

बाकीच्या गोष्टी मी एकत्र मांडल्याच नाहीत. त्या वेगवेगळ्या वेळी आल्या आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडून राहिल्या. शिंपला काठीला चिकटवायला ते राळ गरम करतात ना, ती एकदा जळून कारखानाभर धूर झाला आणि हे तिथेच बसून कोरत होते. वास आला नाही म्हणाले. मी म्हटलं, सर्दी असेल. घरात कॉफी उतू जाऊन करपली तरी यांचं नाक शांत. मग त्यांच्या कोरीव चेहऱ्यांचं. तुला आठवतंय, बाबांच्या राण्यांचे नाक-डोळे कसे ठसठशीत असायचे. व्यापारी म्हणायचा की आनिएल्लोची बाई लॉकेटातून उठून शिव्या देईल. तेच चेहरे हळूहळू लहान व्हायला लागले. त्याच शिंपल्यावर डोकं छोटं, ओठ छोटे, आणि चेहऱ्यावर भावच नाही. व्यापारी खूश, म्हणाला हात किती नाजूक झालाय. मला त्या राण्या आवडेनाशा झाल्या, पण मला कोण विचारतंय. आणि मग चर्चमधल्या निष्कलंक मातेच्या मिरवणुकीत, देवीचा रथ ओढायला सगळे कारागीर पुढे होतात तेव्हा, मी मागून पाहिलं की चालताना यांचा उजवा हात हलतच नाहीये. दोरावर लोंबणाऱ्या कपड्यासारखा नुसता लटकतोय. त्या संध्याकाळी जेवताना त्यांचं बोट टेबलावर आपोआप टकटक करत होतं. मी त्यावर हात ठेवला. माझ्या हाताखालीही ते टकटक करतच राहिलं.

नेपल्सला नेलं. डॉक्टर लिगुओरी म्हणून एक बाई आहे, तुझ्याहून लहानच असेल. पायांत सपाता, केस कसेही बांधलेले, पण डोळे शांत. तिनं बाबांना चालवलं, बोटं मिटवायला-उघडायला लावली, रेघोटी काढायला लावली. मी हाताचं सांगायला तयारच होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "झोपेत ओरडतात का हो? हातपाय झाडतात?"

मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते. देवाशपथ सांगते, मला वाटलं हिलाही आकडे हवेत! मनात आलं, बघा, शिकलेली बाई, पण शेवटी आपल्यातलीच. मी मोठ्या ऐटीत सांगायला लागले, परवा कुत्रा आला होता, त्याआधी चोर, आणि आजोबा तर नेहमीच. ती लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, हे किती वर्षं चाललंय? मी म्हटलं, निकोला समुद्रावर गेला तेव्हापासून. तिनं पेन खाली ठेवलं. त्या पेन ठेवण्यातच मला कळलं की ही लॉटरी वेगळी आहे.

तिनं नीट समजावलं, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. स्वप्न पडतं तेव्हा मेंदू अंगाला कुलूप लावतो, म्हणजे स्वप्नात आपण धावलो तरी बिछान्यात पडून राहतो. ते कुलूप मेंदूच्या अगदी खालच्या बाजूला, मानेच्या वर कुठेतरी असतं. तिथल्या पेशींत कसलातरी गाळ साचतो, आपल्याच अंगातल्या प्रथिनाचा, आणि कुलूप बिघडतं. मग माणूस स्वप्न जगायला लागतो. वास ओळखणाऱ्या जागेतही तसंच होतं. पुष्कळदा तो गाळ पुढे वर चढत जातो, आणि जिथून हातापायांना हुकूम सुटतात तिथे पोचला की हात थरथरतो, चाल मंदावते. त्याला पार्किन्सन म्हणतात. म्हणजे हात थरथरला तेव्हा आजार सुरू झाला असं मी समजत होते, आणि तो आमच्या पलंगावर केव्हाचा येऊन झोपला होता. त्यांनी एका रात्री बाबांच्या डोक्याला तारा लावून झोपवलं आणि पडद्यावर ते कुलूप उघडं असल्याचं पाहिलं. बाबांनी त्या झोपेत एका परिचारकाला लाथ मारली. सकाळी त्याची इतकी माफी मागितली की तोच बिचारा ओशाळला.

मी तिला विचारलं, आधी आणलं असतं तर? ती म्हणाली की आधी कळलं असतं, पण थांबवता आलं नसतं, ते औषध अजून कुणाकडेच नाही. सगळेजण असं म्हणतात की माहीत असलेलं बरं. मला ते अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही त्या मिरच्या खाऊन हसलो ती वर्षं, माहीत असतं तर हसलो असतो का? आणि त्याच वर्षांत माझा खांदा निखळला, तेव्हा हा आजार आहे एवढं माहीत असतं तर बाजारातल्या बायकांसमोर मान तरी वर करता आली असती. मग मला हेही कळत नाही की मला मारलं ते कुणी. बाबा म्हणतात मी नव्हतो. डॉक्टर म्हणते ते नव्हते, तो गाळ होता. पण स्वप्नात मला वाचवायला पाण्यात उडी मारली ती कुणी? ते तर तेच होते ना? मग एकच हात अर्धा गाळाचा आणि अर्धा आनिएल्लोचा कसा? तुला कळलं तर मला सांग. मला विचार करून करून चक्कर येते.

गोळी दिलीय. ओरडणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. डॉक्टरनं सांगितलं की खोलीतून टोकदार वस्तू काढा, गादी खाली घाला, आणि तुम्ही वेगळ्या झोपा. मी महिनोन्महिने ऐकलं नाही. मध्ये उशा रचल्या. त्या उशाही माझ्या अंगावर आल्या. शेवटी तुझी खोली रिकामी केली. बाबा दारात उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "फिलोमेना, आपण तर मेल्यावरही शेजारी झोपायचं ठरवलंय ना?" कब्रस्तानात दोन जागा शेजारी घेऊन ठेवल्यात ते तुला माहीत आहेच. मी म्हटलं, मेल्यावर तू लाथा मारणार नाहीस. ते हसले, मी हसले, आणि मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्यांना वाटतं मला त्यांची भीती वाटते. वाटते. दिवसा त्यांच्या ताटात मासा सोलून वाढते, शर्टाची बटणं लावते, आणि झोपायची वेळ आली की भीती वाटते. दोन्ही खरं आहे.

राकेलेनं तर हद्दच केली. परवा जिन्यात गाठून म्हणाली, आनिएल्लो हल्ली फार गप्प असतो ग, एक दिवस गोळी चुकव ना. मी तिला जे बोलले ते कागदावर लिहिता येणार नाही, पण दोन मजले लोकांनी दारं उघडून ऐकलं. आता टोपली खाली सोडली की ती मान वर करत नाही. न का करेना.

आता गॅलरीतून खाली बघून आले. न्हाव्याच्या दारात बाबा दिसतायत, टोपी हातात घेऊन, अजून निरोप घेणं चाललंय. तेव्हा आता येतेच त्या गोष्टीपाशी. मार्झिया फोनवर म्हणाली, "आई, पडण्याचा आकडा कुठला हो?" मी विचारलं कोण पडलं, तर म्हणे, तुमचा निकोला. तू झोपेत ओरडतोस, पकडा, पडतोय, म्हणून. लाथा झाडतोस, आणि परवा तुझा हात लागून उशाजवळचा दिवा खाली आला. आता आमच्याही घरी आकडे लागणार, म्हणून ती खो खो हसत होती. आणि मी, सवयच ती, चटकन सांगून टाकलं, पडण्याचा छप्पन्न, भीतीचा नव्वद. नंतर तू फोनवर आलास आणि मला बोललास. मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही ते रागानं नव्हे रे. मला तुझा आवाज ऐकू येत होता, पण कानात तो दिवा पडत होता.

दुसऱ्याच दिवशी मी लिगुओरीबाईंकडे गेले. म्हटलं, माझ्या शेजारणीचा एक मुलगा आहे, चाळिशीचा. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली की इतक्या तरुण वयात बहुतेक वेळा कारण वेगळंच निघतं, एखादी गोळी, ताण, झोपेत श्वास अडकणं. बापाला आहे म्हणून मुलाला होतंच असं मुळीच नाही. पण नुसतं सोडूनही द्यायचं नाही, तपासून घ्यायचं. आणि मी उठले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, शेजारणीच्या मुलाला माझ्याकडे पाठवा, जेनोआहून गाडी थेट येते. मी जेनोआचं नाव काढलं नव्हतं, निकोला. बाबांच्या कागदांवर तुझा पत्ता आहे, तो तिनं वाचला असणार. मग मी घरी येऊन ठरवत बसले, सांगू की नको. सांगितलं तर तू रोज रात्री उशीवर डोकं टेकताना घाबरशील. नाही सांगितलं तर मी राकेलेहून वेगळी काय? हे कधीच ठरलं नसतं. पण मार्झिया तुझ्याकडे फोन देता देता म्हणाली होती की दिवा पडला तरी छोटा आनिएल्लो जागा झाला नाही, तुमच्या दोघांच्या मध्ये गाढ झोपला होता. तुला तुझ्या बापाचा हात माहीत नाही, मला माहीत आहे. त्या हाताचा माझ्यावर जीव होता, आणि त्यानंच माझा खांदा निखळला. मी मोठी बाई होते. बाकी सगळं तुला पटो न पटो, डॉक्टरकडे ये किंवा नको येऊस, माझ्यावर चिडलेला राहा हवं तर. पण आजच्या आज त्या बाळाला तुमच्या मधून उचल आणि वेगळ्या पाळण्यात ठेव, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि यातलं अक्षरही बाबांना कळू देऊ नकोस, नातवाला आपलं नाव दिलं म्हणून ते अजून गल्लीभर मिरवतात. जिन्यात त्यांची पावलं वाजतायत. मार्झियानं ते आकडे लावले असतील, तर ते येऊ नयेत म्हणून मी देवीपुढे मेणबत्ती लावलीय. असं मागणं या घरातून तिच्याकडे कधी गेलं नसेल.

चिडलास तरी तुझीच,
आई